धाकटीची किंमत

मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा तिच्या चिमटीत एक वायसर होता. दाराच्या बिजागरीतला, करंगळीच्या नखाएवढा. वजन करून झालं होतं, भाव लिहायचा बाकी होता. सेक्रेटरीने विचारलं, तुमच्या डोक्याचं माप काय. तिला वाटलं, फोन भलतीकडे लागलाय. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या डोक्याची चौकशी कुणी केली नव्हती. ते आहे हे धरूनच सगळे चालत. हेल्मेट मागवायचंय, सेक्रेटरी म्हणाली, साहेबांचा निरोप आहे, दुपारच्या मीटिंगआधी तुम्ही धाकटीत बसून यायचं, आजोबा ट्रॅकवर तुमची वाट बघतायत. चिमटीतला वायसर सुटला. टेबलावर टिणकन वाजला, उभाच्या उभा घरंगळत गेला आणि कपाटाखाली दिसेनासा झाला. दुसऱ्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर तिने त्याला गुडघ्यांवर बसवून तो शोधायला लावला असता. आता ती नुसती कपाटाखालच्या अंधाराकडे बघत राहिली. छातीत काहीतरी भलतंच चाललं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने अशा वेळी डॉक्टर गाठावा असं मासिकांत लिहिलेलं असतं. पण हे दुखणं नव्हतं. हे फार पूर्वी एकदा येऊन गेलेलं होतं, आणि नेमकं कधी ते तिला आठवेना.

धाकटी म्हणजे गाडी. कंपनी मुळात सामानाच्या व्हॅन करायची, मग पोराबाळांच्या संसारी गाड्या करू लागली, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना ही दोन सीटची, जमिनीला पोट लावून धावणारी गाडी निघाली. कागदावर तिला नुसता नंबर होता, पण कारखान्यात सगळे धाकटीच म्हणत. शहाण्यासुरत्या थोरल्यांच्या पाठीवर ती न मागता झालेली, आणि खर्च सगळ्यांत जास्त करणारी. तिचा बाप म्हणजे आजोबा. आजोबा अजून चाळिशीचेही नव्हते, पण भर उन्हात गळ्याला मफलर आणि जिना चढताना गुडघ्यांच्या नावाने कण्हणं, म्हणून आजोबा. गाडीची पहिली रेघ त्यांनी ओढली होती आणि शेवटचा स्क्रूही त्यांनाच विचारून लागायचा. नावं ठेवण्यात कारखाना कुणाला सोडत नसे. तिलाही तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे कात्री. हे तिला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी दोन्हीकडून न कळल्यासारखं करायची पद्धत होती. कात्री, कारण गाड्यांमधून वस्तू काढून टाकायचं काम तिचं. सामानाच्या कप्प्यातला दिवा तिने काढला होता. चालकाच्या बाजूच्या, ऊन अडवायच्या झडपेवरचा आरसा काढला होता. त्यावर घरी मुलगी म्हणाली होती, आई, बायका गाडी चालवतात हे तुझ्या कंपनीला माहितेय ना, आणि ती म्हणाली होती, माहितेय म्हणूनच काढला, रस्त्याकडे बघा.

कॉस्टिंगच्या खोलीत गाडी कधी येत नसे, गाडीचे तुकडे येत. लांबलचक टेबलांवर पांढरे कागद पसरलेले, त्यांवर ओळीने मांडलेले स्क्रू, पट्ट्या, नळ्या, स्प्रिंगा, प्रत्येकासमोर वजनाची आणि भावाची चिठ्ठी. दुसऱ्या कंपनीची नवी गाडी निघाली की तीही विकत आणून अशीच सोलायची आणि मांडायची. टायपिस्ट म्हणून लागलेली ती, दुपारच्या सुट्टीत या टेबलांमधून हिंडता हिंडता शिकली. बोटांनी शिकली असं म्हणायला हरकत नाही. पण या खोलीचा एक कायदा होता, तिला शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांनी घालून दिलेला. ज्या गाडीचा खर्च काढायचा, तिच्यात बसायचं नाही. मास्तर म्हणायचे, बसलात की जीव जडतो, जीव जडला की कात्री अडखळते. ज्या कुणाला काही कारणाने बसावं लागलं, त्याची फाईल दुसऱ्याकडे जायची. त्यात रागलोभ नसे, पोटच्या पोराचं ऑपरेशन सर्जन करत नाही तसं. हा कायदा तिने इतका पाळला होता की पावसात अडकलेली असताना आपल्याच कंपनीच्या नव्या गाडीत लिफ्ट नाकारून ती भिजत घरी गेली होती. घरची गाडी तर दुसऱ्याच कंपनीची, जुनी. नवरा लोकांना सांगायचा, आमची ही हलवायाच्या घरची आहे, तिला गोड चालत नाही.

आणि आज साहेबच कायदा मोडायला सांगत होते. फाईल जाणार हे उघड होतं. तिने ती समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे सरकवली, तेव्हा त्याने अशा नजरेने पाहिलं की जणू ती राजीनामा देतेय. तिला मात्र त्या क्षणी फाईलची काडीचीही फिकीर वाटली नाही, आणि वाटत नाही याचीच तिला गंमत वाटत होती. तसंही त्या फाईलमध्ये आता एकच शब्द उरला होता. नाही. दुपारी साहेब विचारणार होते की दरी भरली का, आणि फाईल गेली तरी हिशेब तिचाच, म्हणून ती नाही म्हणणार होती, आणि मग धाकटी बंद. आजोबांची माणसं व्हॅनच्या खात्यात वाटली जाणार, आणि ट्रॅकवर फिरणारी ती एकुलती गाडी मोडीत. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी सेक्रेटरीजवळ म्हणे एवढंच म्हटलं होतं की एखादीला नाही म्हणायचं तर निदान तिचं तोंड बघून म्हणावं.

दरी कसली, ते तिने नवऱ्याला एकदा जेवताना समजावायचा प्रयत्न केला होता. लोकांना वाटतं, लागलेल्या सामानाची आणि मजुरीची बेरीज करायची, वर थोडा नफा टाकायचा, झाली किंमत. खरं सगळं उलटं चालतं. आधी बाजार सांगतो की एवढ्याला विकली जाईल. बाजार म्हणजे किंमत खात्याचा प्रमुख. त्याचं प्रत्येक वाक्य बाजार म्हणतो असं सुरू व्हायचं, म्हणून तोच बाजार झाला होता. त्याने सांगितलेल्या आकड्यातून कर जातो, दुकानदाराचा वाटा जातो, कंपनीचा नफा जातो, आणि उरेल तेवढ्यात गाडी कोंबायची. जेवढा खर्च त्यात मावत नाही तेवढी दरी. म्हणजे अंथरूण आधी ठरतं आणि मग पाय कापायचे. कापायला ती. व्हॅनचं एक बरं असतं. पत्रा दाबायचा साचा कितीही महाग असो, तो लाखभर व्हॅनांमध्ये वाटला जातो, एकेकीच्या वाट्याला चिमूटभर येतो. धाकटीचे साचे तेवढ्याच पैशांचे, आणि धाकट्या निघणार मूठभर. गावजेवणाचा खर्च एका पंगतीच्या डोक्यावर. शिवाय तिने एक काढलं की बाजार दोन घालायचा. बाजार म्हणतो, एवढे पैसे मोजणाऱ्याला गरम होणारी सीट लागते. बाजार म्हणतो, पुढ्यात टीव्हीसारखा मोठा पडदा लागतो, जाड गालिचा लागतो, दार लावताना भारदस्त आवाज लागतो. त्या आवाजासाठी दारात दाबलेल्या लोकरीचा, शिशासारखा जड नमदा भरायचा. नमद्याने वजन वाढलं म्हणून आजोबा इंजिन वाढवून मागायचे. असं ते लोकरीच्या गुंड्यासारखं गुंतत गेलं होतं, आणि दरी होती तिथेच होती. नवरा ऐकत ऐकत भात संपवून म्हणाला होता, आमच्याकडे सोपं असतं. त्याचं चष्म्याचं दुकान. जाड काड्यांचा चष्मा स्वस्त, बारीक काड्यांचा महाग, आणि ज्याला कडाच नाहीत, नुसत्या काचा हवेत लटकतायत, तो सगळ्यांत महाग. जेवढं कमी दिसेल तेवढं जास्त घ्यायचं. ती तेव्हा नुसती हसली होती, कारण नवऱ्याच्या धंद्यातली अक्कल आपल्या धंद्यात चालेल असं कुठल्या बायकोला वाटतं.

आता तिने त्याला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक असावं, कारण तो दबक्या आवाजात बोलत होता. अहो, मला आज धाकटीत बसवणार आहेत, ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्याच कानांना एखाद्या शाळकरी मुलीसारखा ऐकू आल्यामुळे लगेच गंभीर झाली. मग तो म्हणाला, चष्मा काढून ठेव, नवीन आहे. आणि फोन ठेवता ठेवता, गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ओरड हं मनसोक्त, मी नाहीये तिथे.

ट्रॅक कारखान्याच्या मागच्या अंगाला होता. तिथवर जाणारा सिमेंटचा रस्ता ती कामाला लागल्यापासून खिडकीतून पाहत आली होती, पण पायाखाली आज पहिल्यांदा येत होता. दुपारचं ऊन सिमेंटवरून वर उसळत होतं. हेल्मेट तिने काखोटीला मारलं होतं, कलिंगडासारखं. ऑफिसच्या खिडक्यांतून लोक बघतायत हे तिला पाठीला जाणवत होतं. उद्या जेवणाच्या सुट्टीत काय काय निघेल तेही कळत होतं, कात्रीला धार लावायला नेली वगैरे. निघू दे. चालता चालता आपण भरभर चालतोय, जवळजवळ पळतोय हे लक्षात आल्यावर तिने मुद्दाम पाय आवरले, पण ते चार पावलांत पुन्हा सुटले. आजोबा मफलर गुंडाळून गाडीपाशी उभे होते. तिने धाकटीकडे पाहिलं आणि तिला आधी काही ओळखूच येईना. ते दिवे तिने हातात धरले होते, ते नाक, त्या नाकाखालची जाळी, त्या जाळीचे आकडे झोपेत विचारले तरी तिने सांगितले असते. पण हे सगळं एकमेकांना चिकटून एक झालं की त्याला असं पाठ वाकवून, दबा धरून बसता येतं, हे कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. बारशाला बोलावलंच नाही तुम्हाला कधी, आजोबा म्हणाले. गाडी अजून उघडीवाघडीच होती, चाचणीची. आत गालिचा नाही, पत्रा तसाच. दाराला आतून अस्तर नाही, हँडलच्या जागी कापडी पट्ट्याचा एक तुकडा शिवलेला. तो ओढायचा आणि दार लागायचं. भारदस्त वगैरे नाही, डबा बंद केल्यासारखा आवाज आला. खाली बसताना ती इतकी खाली गेली की तिला वाटलं, आपण रस्त्यावरच मांडी घालतोय. आजोबांनी तिचे पट्टे आवळले आणि म्हणाले, ताई, उलटी आली तर आधी सांगा, गालिचा नसला तरी पुसायला मलाच लागतं.

मग इंजिन सुरू झालं, आणि ते तिच्या पाठीच्या कण्यातून सुरू झालं. पहिलं वळण येईपर्यंत ती आकडे मोजत होती, सवयच ती. मांडीखाली थरथरतंय ते सीटचं लोखंड, डाव्या नडगीला ऊब लागतेय ती पत्र्यामागची नळी, एवढ्याची, तेवढ्याची. वळणात आकडे एका बाजूला घरंगळले आणि बाहेर पडले. खालून खडे पत्र्यावर आपटत होते, तड तड तडातड, प्रत्येक खडा वेगळा ऐकू येत होता, आणि तळपायाला कळत होता. आजोबा काहीतरी ओरडून सांगत होते, त्यांचा मफलर सुटून तिच्या हेल्मेटवर फडफडत होता. तिचं तोंड उघडं होतं. आपण ओरडतोय की हसतोय हे कळायला मार्ग नव्हता, कारण इंजिनाने सगळा आवाज आपल्या ताब्यात घेतला होता. आणि त्या तडतडीतच, कुठल्याही इशाऱ्याशिवाय, तिला ते आठवलं. छातीतलं ते कधी येऊन गेलं होतं ते.

वडील दगडाच्या खाणीवर पहारेकरी होते. खाणीच्या माथ्यावरून खाली खडीच्या ढिगापर्यंत रूळ होते, आणि रुळांवर लोखंडी ट्रॉल्या. भरलेली ट्रॉली खाली जायची, तिच्या ओढीने रिकामी वर यायची. सुट्टीच्या दिवशी खाण बंद असे, वडील एकटेच, आणि डबा घेऊन गेलेली ती. त्या दिवशी ट्रॉलीवालाही तिथे होता, ब्रेकला तेल घालायला आलेला. तिने काय हट्ट केला कुणास ठाऊक, वडिलांनी तिला उचलून रिकाम्या ट्रॉलीत ठेवलं, काठ घट्ट धर म्हणाले, आणि ट्रॉलीवाल्याला म्हणाले, सोड, पण हळू. तो हळू सोडू शकला नाही. ट्रॉलीत बसायला काही नव्हतं, धरायला तापलेला काठ, तळाशी उरलेली खडी, आणि ती सगळी खडी तिच्याबरोबर उडत होती. डोंगर वर गेला. आभाळ मागे पडलं. खाली ढिगात ट्रॉली घुसून थांबली तेव्हा तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, केसांत दगडाची पूड होती, आणि वडील पांढरेफटक होऊन उतारावरून धावत येत होते. त्यांच्यामागून ट्रॉलीवाला. वडील पोचायच्या आत तिने पायांतले बूट काढले. शाळेचे, नवे, वर्ष सुरू होताना आईने किती दिवस घासाघीस करून घेतलेले. ते तिने ट्रॉलीवाल्यापुढे धरले आणि म्हणाली, हे घ्या, परत सोडा. ट्रॉलीवाला हसला नाही. तो बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिला, जणू खरंच हिशेब करत होता. मग म्हणाला, पोरी, एवढे कशाला. ती म्हणाली होती, मग एक घ्या.

एक घ्या. सपाट्याने दुसरं वळण आलं, ती आजोबांच्या खांद्यावर आदळली आणि हसत सुटली. ट्रॉलीला खर्च किती येत होता? शून्य. रूळ तिथे होतेच, उतार देवाने दिलेला. आणि तिने बूट देऊ केले होते, दोन्ही. ट्रॉलीत गादी घालून दिली असती तर तिने बूट दिले असते का? काठाला नमदा लावला असता, खडी झाडून काढली असती, तर? तिच्या डोक्यात एकदम इतका उजेड झाला की डोळे मिटावेसे वाटले. गालिचा घालायला पैसे लागतात. तो खड्यांचा आवाज अडवण्यासाठी घालायचा. नमदा इंजिनाचा आवाज अडवण्यासाठी, पडदा रस्ता दिसू नये म्हणून. महिनोन्महिने आपण आणि तो बाजार मिळून या गाडीतून ही गाडीच बाहेर ठेवायचा खर्च करत होतो, आणि तो खर्च कसा भागवायचा म्हणून डोकं फोडून घेत होतो. आजोबांनी गाडी थांबवली. इंजिन बंद झाल्यावर शांतता अंगावर कोसळली. आजोबांनी मफलर गोळा करत विचारलं, ठीक आहात ना. तिने मान डोलावली. मग ते काचेतून समोर बघत, तिच्याशी नाही तर जणू गाडीशीच बोलल्यासारखं म्हणाले, त्यांची आत्या नर्स होती, लग्न केलं नाही, आयुष्यभर एकच हौस, वेगात जायची. आठ दिवसांनी मिळणाऱ्या सुट्टीला भाड्याची मोटरसायकल काढायची. तिला पगारातून साठवून घेता येईल अशी गाडी करायची, एवढंच मनात होतं. मग शेजारी बसलेल्या तिच्याकडे वळून ते ओशाळून हसले. जाऊ द्या, आज दुपारी तुम्ही काय म्हणणार ते मला माहितेय.

मीटिंगच्या खोलीत ती गेली तेव्हा केसांना हेल्मेटचा आकार आला होता आणि तिने तो तसाच राहू दिला. टेबलाच्या टोकाला साहेब, एका बाजूला बाजार, सेंटचा घमघमाट आणि समोर रंगीत आलेख, दुसऱ्या बाजूला मफलर पार नाकापर्यंत ओढलेले आजोबा. साहेबांनी विचारलं, बोला बाई, भरली का दरी. तिला हसू येत होतं. एवढ्या गंभीर खोलीत हसू येणं बरं नव्हे म्हणून तिने जीभ चावली.

"नाही भरली," ती म्हणाली. "आणि मी भरणार नाही. किंमत चुकलीय."

बाजाराने आपल्या आलेखाकडे अशा मायेने पाहिलं की जणू त्याला आता कुणीतरी मारणार आहे. कमी करायला सांगताय का, त्याने विचारलं. तिने सांगितलं की वाढवा, तिसरा हिस्सा वाढवा, आणि गाडीतलं काढा. काय काढायचं ते ती बोटांवर मोजू लागली. गालिचा, नमदा, पडदा, रेडिओ, गरम सीट, दाराचं अस्तर, आणि दाराला हँडल नको, तो कापडी पट्टाच राहू दे, शिवलेला. बोटं संपली तरी तिचं संपेना. बोलताना ती उभी राहिली होती हे तिला नंतर कळलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे आपण लोकांना कमी द्यायचं आणि त्यांच्याकडून जास्त मागायचं, असं तुम्ही म्हणताय, तुम्ही, ते म्हणाले, त्या दुसऱ्या तुम्हीवर जरा जोर देऊन. ती म्हणाली, हो.

"आणि ते देईल कोण?"

"मी देईन."

सगळे हसले. साहेबही हसले, कारण तिच्या पगाराच्या कागदावर सही त्यांचीच असायची. बाजार म्हणाला, बाईंना हप्ते पाडून देऊ, नातवंडं फेडतील. आजोबा हसले नाहीत. ती हसत नाहीये हे हळूहळू इतरांच्याही लक्षात आलं, आणि हसू टेबलाच्या कडेकडेने विझत गेलं. तिला ट्रॉलीचं सांगायचं होतं, बुटांचं सांगायचं होतं. पण बूट काढणं तेव्हा जमलं होतं, एवढ्या माणसांपुढे आता जमेना. घशाशी आलेल्या सगळ्यातून तिने एकच वाक्य बाहेर काढलं.

"साहेब, गालिचा काढला की खडे ऐकू येतात."

हे वाक्य खोलीत तसंच राहिलं. ते मूर्खपणाचं होतं की शहाणपणाचं, हे कुणालाच ठरवता येईना. तिला वाटलं, झालं, घालवलं आपण, नुसतं नाही म्हणून बसलो असतो तर निदान अब्रू राहिली असती. तेवढ्यात बाजाराने आपला आलेख उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काहीतरी खरडलं. बराच वेळ खरडत होता. त्याच्या तोंडावरची ती कायमची गुळगुळीत खात्री गेली होती आणि तिच्या जागी एक भूक आली होती. एवढ्या वर्षांत तो तिला पहिल्यांदा देखणा दिसला. या वेळी तो बाजार म्हणतो असं म्हणालाच नाही.

"बाई, तिसरा हिस्सा कमी पडतोय," तो म्हणाला. "एवढं काढून जरासंच वाढवलं तर लोक म्हणतील, परवडलं नाही म्हणून काढलं. निम्म्याने वाढवा. मग म्हणतील, मुद्दाम काढलंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि चोरी करायला एकाच घरात शिरलेल्या दोन अनोळखी चोरांना वाटत असेल तसा एक आपलेपणा त्या टेबलावरून आरपार गेला. पुढचं सगळं भराभर झालं. साहेबांनी चार शंका काढल्या, बाजाराने त्यातल्या तीन उडवल्या, चौथी तिने. मोजक्याच करायच्या, यादी लावून द्यायच्या, थांबायला लावायचं. दरी भरून वर ढीग उरत होता; थोरल्यांपैकी एकीनेही दर गाडीमागे एवढा नफा कधी दिला नव्हता. साहेब उठताना म्हणाले, चालू ठेवा, आणि दारापाशी थांबून, त्या दाराच्या पट्ट्याचा रंग कुठला ठेवणार आहात. लाल, बाजार म्हणाला. लाल रंगाचे वेगळे पैसे घेता येतील.

सगळे गेल्यावर आजोबा खिडकीशी जाऊन उभे राहिले, ती मागोमाग गेली. खाली ट्रॅकच्या कडेला धाकटी तशीच उन्हात उभी होती. त्यांनी मफलर सोडला होता, आणि त्यांची मान तिने पहिल्यांदाच पाहिली. लहान मुलासारखी होती. निम्म्याने, ते म्हणाले. तिला कळत होतं ते कुठला हिशेब करतायत. नर्सचा पगार, साठवायची वर्षं, आणि त्या वर्षांपुढे उरलेलं आयुष्य. तो हिशेब तिनेही केला होता, बाजाराने निम्म्याने म्हटलं त्याच क्षणी, सवयच ती. आपण धाकटीला वाचवलं आणि धाकटी ज्यांच्यासाठी होती त्यांच्या हातातून काढून घेतली, हे दोन्ही एकाच आकड्याने झालं होतं. माफी मागावी तर तिला वाईट वाटत नव्हतं पुरतं. आतून अजून खडे तडतडत होते, आणि आनंद लपवणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मोठ्या घरी पडली म्हणायचं," आजोबा म्हणाले.

"मोडीत जात होती."

"हो ना. चांगलंच झालं." त्यांनी नाक पुसलं. "माहेरची माणसं दारात उभी राहून बघतील झालं."

मग ते हसले, आणि हसता हसता त्यांनी तिच्या पाठीवर एक थाप मारली, बरोबरीच्या मित्राला मारतात तशी, आणि म्हणाले, तुम्ही आम्हाला सरळ नाही म्हटलं असतं ना ताई, तर मला तुमचा राग तरी करता आला असता. ती म्हणाली, करा की, फाईल गेलीय माझी, आता कुणीही रागवा. खाली उतरताना जिन्यात ते गुडघ्यांना धरून कण्हले आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. गाडी शेडमध्ये न्यायची होती. आज मला हिला नेऊन ठेवायचं जिवावर आलंय, ते म्हणाले, तुम्ही न्या. जवळच आहे, सरळ जायचं आणि डावीकडे फाटा. तिने सांगितलं की तिला आपली घरची जुनी गाडी चालवता येते, तीही नवरा शेजारी बसून श्वास रोखून धरत असताना. ते म्हणाले, मग आज श्वास घ्यायला एक जागा रिकामी आहे.

ती आत बसली. कापडी पट्टा ओढला, डबा लागल्यासारखं दार लागलं. किल्ली फिरवल्यावर पुन्हा ते कण्यात सुरू झालं, आणि या वेळी ते तिच्या पायाचं ऐकत होतं. पाय जरासा दाबला की ते मान वर करायचं, सोडला की रुसायचं. आरशात आजोबा हात हलवत होते, मफलर एका हातात झेंड्यासारखा. हळू, ते म्हणत असावेत. ती हळूच निघाली. सिमेंट संपलं, खडी लागली, आणि पहिला खडा तळाच्या पत्र्यावर वाजला, मग दुसरा, मग तिला मोजता येईनात. हेल्मेट घालायचं राहून गेलं होतं. चष्माही डोळ्यांवरच होता. समोर ऊन, लांब पसरलेला रस्ता, आणि ट्रॅकच्या टोकाला ते मोठं वळण, दुपारी जिथे आकडे सांडले होते. डावीकडे शेडचा फाटा आला. शेडचं दार उघडं होतं, आत आजोबांची माणसं वाट बघत उभी होती. तिने त्यांना हात केला, आणि फाटा जाऊ दिला.